फोटो हेमाचा, नाव मोकलबाईंचं

मैत्रिणीच्या यजमानांचा, सुधीररावांचा, फोन सकाळी आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "वंदना गेली," एवढंच म्हणाले. मी "येते" म्हटलं, दूध उतरवलं, साडी बदलली, खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेले. सगळं रीतसर पार पडलं. मी रडले नाही. आजार वर्षभराचा, शेवट ठाऊक असलेला. माणूस आतून तयारी करून बसलेलं असतं, निदान तसं त्याला वाटत तरी असतं. रडले ती नंतर, काशीबाईच्या फोनवर. काशीबाई म्हणजे खाडीकाठच्या गावातली, तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचून विकण्यात जन्म गेलेली म्हातारी. फोन उचलताच ती भांडायलाच लागली. "बाय, तुमचे कालेजवाल्यांना डोलं हायेत का नाय? नाक्यावर बॅनर लावलाय, कोन ती मोकलबाय मेली तिचा. नाव मोकलबायचा आन फोटू आमचे हेमीचा! नातवानं वाचून दावला तवा कलला. जित्या मानसाचा फोटू असा लावतात? आदी काढायला सांग." मला सांगावंच लागलं की काशीबाई, मोकलबाई म्हणजेच आपली हेमा. अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "मंग तिचा नाव का नाय लिवला?" मग मात्र मी ओट्याला धरून हमसून हमसून रडले.

ही हेमा कोण आणि मोकलबाई कोण, हे पनवेलात बऱ्याच जणांना अजून नीट ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझी मैत्रीण प्रा. डॉ. वंदना सुधीर मोकल. आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी अर्थशास्त्र. माहेरची हेमलता पांडुरंग घरत. आपल्याकडे छापताना 'पूर्वाश्रमीच्या' असं लिहितात, जणू बाईने लग्न केलेलं नसून संन्यासच घेतलाय. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा ती कॉलेजात आली आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची तिला मिळाली. जेवणाच्या सुट्टीत तिने पिशवीतून चांगला मोठा स्टीलचा डबा काढला. नवी बाई, म्हणून मी आपली पोळीभाजी सरकवून तिला जागा करून दिली, आणि हिने झाकण उघडलं तर आत काळा चिखल, आणि चिखलात शिंपल्या! वास असा की मराठीचे सर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी तेव्हाही आजच्याइतकीच फटकळ. विचारलं, बाई, हे इथेच शिजवायचंय की कसं? तर ती शांतपणे म्हणाली, शिजवायचं नाही, मोजायचंय. आणि पट्टी काढून एकेक शिंपली मोजायला लागली. मग माझं लक्ष डब्यावर कोरलेल्या नावाकडे गेलं. कु. हेमलता पां. घरत. म्हटलं, अहो, डबा कुणाचा उचलून आणलात? ती हसली. "माझाच आहे. म्हणजे, माझाच होता."

मग तिने नावाची गोष्ट सांगितली. लग्नात द्यायची सगळी भांडी तिच्या वडिलांनी हौसेने आधीच नाव घालून आणली होती. पातेल्यापासून चहाच्या गाळणीपर्यंत एक वस्तू सोडली नव्हती. आणि मोकलांच्या घरात आधीच्या थोरल्या सुनेचं नावही हेमाच! सासूबाईंचं म्हणणं, मी 'हेमा' म्हणून हाक मारली तर एक तर दोघी धावत येतील, नाहीतर दोघीही येणार नाहीत. म्हणून मग लग्नात सुधीररावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वंदना' लिहिलं, बायकांनी टाळ्या पिटल्या, पेढे वाटले, झालं. वडील मांडवात रचून ठेवलेल्या भांड्यांकडे बघत म्हणाले होते, "आता ही सगळी परत कशी कोरायची?" हेमा हे सगळं नक्कल करून सांगायची आणि मी पोट धरून हसायचे. त्यात हसण्यासारखं होतंही, तेव्हा. त्या दिवसापासून मी तिला हेमाच म्हणायला लागले.

पण त्या तांदळात काय काय पुसलं गेलं होतं, ते समजायला आम्हाला पुढची दहा वर्षं लागली. लग्नाआधी हेमाने मुंबईत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत राहून पनवेलच्या खाडीतल्या शिंपल्यांवर काम केलं होतं. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरतं, त्यातले धातू शिंपल्यांच्या अंगात किती साठतात, त्यांची वाढ कशी खुंटते, असं ते काम. त्यावरचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले, एच. पी. घरत या नावाने. पीएचडी हातात पडली ती लग्नानंतर, वंदना मोकल या नावाने. नोकरी त्याच नावाने, आणि पुढचं सगळं लेखन व्ही. एस. मोकल म्हणून. बघा हं, स्वतःचं नाव गेलं, बापाचं गेलं, आडनाव गेलं. आद्याक्षरांतलंसुद्धा एक अक्षर दोन्हीकडे सारखं नाही. पुरुषाला ही भानगडच नाही. तो पाळण्यापासून तिरडीपर्यंत एकच असतो.

सासरी आल्यावर शिंपल्यांचं कामही मागे पडलं. आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे चार मोडके सूक्ष्मदर्शक आणि बाटलीतले बेडूक. तरी रविवारी ओहोटी साधून ती खाडीवर जायचीच. एकदा मलाही घेऊन गेली. मी गुडघाभर चिखलात रुतून बसले आणि बायकांनी मला दोन्ही हातांना धरून उपटून काढलं, ती फजिती काशीबाई मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या दिवशीचं मला आठवतं ते वेगळंच. हेमा शिंपल्या मोजत होती आणि काशीबाई आपले हात तिच्या डोळ्यांसमोर धरून उभी राहिली. बोटांना चिरा, नखं काळी पडून उचकटलेली. "शिंपल्यांना काय झालाय ता बगतेस. आमचे हातांना काय झालाय, ता कोन बगनार?" त्यानंतर हेमा खाडीवर जायची ती बायकांचे हात बघायला. त्यांचे सांधे, त्यांच्या अंगातलं रक्त, त्या काय खातात, किती वेळ पाण्यात उभ्या राहतात... वर्षानुवर्षं हेच. त्यावर ती लिहीत गेली, कधी आरोग्याच्या नियतकालिकात, कधी समाजशास्त्राच्या. प्राणिशास्त्रातल्या तिच्या मित्रमंडळींना वाटलं, बाई विषय सोडून भलतीकडे गेली. तिला विचारलं तर म्हणायची, अगं, चिखल तोच आहे.

दोन हजार दहाच्या सुमाराला आमच्याकडे गुणांचं नवं गणित आलं. बढती हवी तर निबंध दाखवा, आणि निबंधाचा आधार इतर किती जणांनी घेतला तेही दाखवा. कुणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा हवाला दिला की त्याला सायटेशन म्हणतात; संशोधकांच्या जगात मान मोजायचं माप ते. स्टाफरूममध्ये जो तो तेच मोजत बसलेला. आम्ही दोघी एक दिवस लायब्ररीतल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. हेमाने स्वतःचं नाव टाकलं. मोकलबाईंचे हवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, बये, माहेरचं नाव टाक की. तिने टाकलं आणि यादी खाली खाली जातच राहिली. शिंपल्यांवाले होतेच, पण बंदरं बांधणारे इंजिनिअर, पिण्याच्या पाण्यावर काम करणारे, विषबाधेवर लिहिणारे डॉक्टर... कुठकुठल्या देशातली माणसं, ज्यांनी पनवेल कधी नकाशातही पाहिलं नसेल, ती घरतांचा आधार घेऊन उभी होती. हेमा एकटक बघत राहिली. मग म्हणाली, "बरं चाललंय की हिचं. हिचं लग्न झालेलं दिसत नाही."

मी हसले, ती नाही हसली. कारण तिच्या मनात तेव्हा एक गोष्ट शिजत होती. विमानतळ येणार, खाडी बुजणार, हे आता सगळ्यांना दिसत होतं. तिला शिंपल्या आणि बायका एकत्र मांडायच्या होत्या. लग्नाआधी तिने मोजलेल्या शिंपल्या, आता त्याच जागी मिळणाऱ्या शिंपल्या, आणि त्या वेचणाऱ्यांचे हात. त्या खाडीत इतक्या वर्षांत काय झालं हे दोन्ही बाजूंनी सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होतं. पण त्यासाठी विद्यापीठाची मार्गदर्शक म्हणून मान्यता हवी, हाताखाली विद्यार्थी हवेत, प्रकल्प मंजूर व्हायला हवा. आणि तेही भराव पडायच्या आत. एकट्या मोकलबाईंच्या जोरावर ते मिळणार नव्हतं आणि एकट्या घरतबाईंना कुणी ओळखत नव्हतं.

विद्यापीठात मुलाखतीला बोलावलं तेव्हा मी तिच्यासोबत गेले होते. बाहेर बाकावर बसून राहिले. आत काय झालं ते तिने परतीच्या बसमध्ये सांगितलं, तेही कळंबोली जवळ आल्यावर. समितीतल्या एका ज्येष्ठ तज्ज्ञांनी आधी तिची यादी चाळून, थोडं आरोग्य, थोडं समाजशास्त्र, एक ना धड भाराभर चिंध्या, असं काहीसं सुनावलं. मग म्हणाले, "मॅडम, पनवेलच्या खाडीवर खरं काम केलंय ते घरतसरांनी. त्यांचे पेपर तरी वाचलेत का?" ही म्हणाली, "सर, घरत मीच." ते बघतच राहिले. फाइलमध्ये नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं, हिनेच ते पान काढून दाखवलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, हे नोकरीपुरतं चालतं. पेपर ज्या नावावर, त्याच नावाच्या माणसाचे धरायचे. आधी दोन्ही नोंदी एक करून आणा. आणि कुणीतरी हसत म्हणालं, मॅडम, लग्न जरा उशिरा करायचंत! मग चहा आला. मी बसमध्ये तोंडाला येईल ते बोलले, शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन बसला. हेमा मला आवरत म्हणाली, "जाऊ दे गं मालू. निदान घरतसरांचं नाव तर निघालं." आणि तोंड खिडकीकडे वळवलं, पण काचेत मला तिचे डोळे दिसत होते.

नोंदी एक करायच्या म्हणून तिने हवाल्यांच्या याद्या ठेवणाऱ्या परदेशी कार्यालयांना लिहायला सुरुवात केली. त्यांनी पुरावा मागितला. प्रतिज्ञापत्र मराठीत, ते त्यांना उलगडेना. मग हिने लग्नपत्रिका पाठवली. त्यात चि. सौ. कां. हेमलता आणि चि. सुधीर, यात वंदना कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. खरंच की हो! आपल्या पत्रिकेत नवं नाव कसं असेल, ते तर लग्नात पडायचं असतं. हेमाने अल्बम काढला. एका फोटोत ती मुंडावळ्या बांधून खाली मान घालून बसलेली, समोर ताट, आणि ताटातल्या तांदळात 'वंदना' स्वच्छ वाचता येतंय. तिने तोच फोटो पाठवून दिला. जगात आपल्याखेरीज हा पुरावा कुणाला सुचला असता? उत्तर मोठं अदबशीर आलं : छायाचित्रातल्या धान्याचा आणि लेखिकेच्या ओळखीचा संबंध कृपया स्पष्ट करावा. तिच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही ते वाचलं आणि इतक्या हसलो की सुधीरराव आतून बघायला आले. हसता हसता ती कधी रडायला लागली ते मला कळलंच नाही. सुधीरराव पाणी घेऊन उभे राहिले. भला माणूस, त्यांना काय करावं ते समजेना. हेमाने धान्याचा संबंध स्पष्ट करणारं दोन पानी उत्तर पाठवलं. त्याला पुढे काही उत्तर आलं नाही.

तेवढ्यात भराव सुरू झाला. आधी डंपर, मग मुरूम, मग एके रविवारी हेमा गेली तर जिथे उभ्या राहून बायका तिसऱ्या वेचायच्या तिथे पत्र्याचं कुंपण. काशीबाईचं घर उठलं, करंजाड्याला प्लॉट मिळाला, तिथे सिमेंटचं घर झालं. हात बरे झाले म्हणते, पण रिकामे. हेमा खाडीवर जायची थांबली. मी एकदा विचारलं, त्या नोंदींचं काय झालं? म्हणाली, आता जोडून काय करू? जिच्यासाठी जोडायचं होतं ती बुजली. तिच्या तोंडून असं हताश बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. वर्ष-दोन वर्षांनी आजार निघाला, तोही उशिरा लक्षात आला. नाही नाही ते मनात येतं. पण उगाच बादरायण संबंध जोडू नये, तिलाच ते आवडलं नसतं. शेवटच्या भेटीत ती गादीवर पाठीला उशी लावून बसली होती. कॉलेजात कोण काय करतंय ते विचारलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना मी साडीचा पदर सावरत होते, तर म्हणाली, "मालू, मी एकटीने केलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही दोघींनी केलं, म्हणून कुणाचंच धरलं नाही." मी काहीतरी दटावल्यासारखं केलं आणि जिना उतरून आले. धीरच झाला नाही मागे बघायचा.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी परिचय वाचला, मोकल मॅडम, आरोग्य आणि समाजशास्त्र या क्षेत्रांत लेखन, मनमिळाऊ स्वभाव. खाडीतल्या शिंपल्यांचं नावही नाही. माझं बोलायचं ठरलं नव्हतं, पण मी उठले. एच. पी. घरत यांनी काय काम केलं, कुणीकुणी त्याचा आधार घेतला, ते जमेल तसं सांगत गेले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या रांगेतल्या नव्या प्राध्यापिकेने शेजारणीला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "या कुणाबद्दल बोलतायत?" आणि मागून, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून काशीबाईचा आवाज आला, "हेमीबद्दल बोलते ती." सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या सभागृहात माझं बोलणं कळलेली ती एकटीच होती. मी खाली बसले, मग दोन मिनिटं शांतता पाळली गेली.

दिवसपाण्यानंतर सुधीररावांनी तो डबा मला आणून दिला. घरात बसले, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "तांदळात लिहायला दोन मिनिटं लागली होती हो. मला वाटलं, सगळेच लिहितात." ते गेल्यावर बराच वेळ मी डबा मांडीवर घेऊन बसून होते. मग एक दिवस पिशवीत घालून पनवेलच्या बाजारात गेले. तिथे एका भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात. चष्म्यावरून बघणारा एक गृहस्थ मशीन घेऊन बसलेला. म्हणाला, ताई, यावर नाव आहे की. म्हटलं, आहे, त्याच्या खाली दुसरं घाला, आणि कागदावर लिहून दिलं : वंदना सुधीर मोकल. त्याने कागद वाचला, डबा फिरवून वरचं नाव वाचलं. "वरच्या बाईंनी खालच्या बाईंना दिलाय ना? मग मध्ये 'यांजकडून' घालावं लागेल." तसं पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. वरचीने जवळचं सगळं खालचीला दिलंच होतं. पण मी म्हटलं, नाही, दोघी एकच. "एकच? मग दोन नावं कशाला? जुनं घासून काढतो, दिसायचंसुद्धा नाही." "काही घासायचं नाही," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण गल्ल्यावरच्या मालकाने वर पाहिलं. मशीनवाल्याने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं.

डबा आता माझ्या ओट्यावर असतो. त्यात मी काही ठेवत नाही. तिच्या शेवटच्या शिंपल्या तेवढ्या आहेत, कोरड्या. परवा काशीबाई करंजाड्याहून आली होती. तिला वाचता येत नाही. तिने डबा मांडीवर घेतला आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आधी वर, मग खाली. "यातला हेमीचा नाव कंचा?"

"दोन्ही, काशीबाई."

तिने पुन्हा एकदा दोन्हीवरून बोट फिरवलं. "आता बराबर लिवलास," म्हणाली. मग डबा ओट्यावर ठेवत म्हणाली, "पन बॅनर तर उतरवला त्यांनी. आता लोकांना कसा कलनार?"